माझे रूममेट बाईंनी निवडले

मी ॲक्सोलॉटल बोलतोय. लोक मला मासा म्हणतात, पण मी बेडकाच्या गोतातला, पाण्यातच राहणारा; मला चार पाय आहेत, रुंद जिवणी आहे आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल, झुपकेदार कल्ले आहेत. रूपाचा गर्व म्हणाल, तर थोडा आहेच.

लहानपणी आम्ही शेकडो भावंडं एकाच टाकीत होतो. भूक लागली की एकमेकांचे पाय कुरतडायचो, म्हणून दुकानदाराने मला वेगळं काढलं. तिथून मला बाईंनी घरी आणलं.

बाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. एका खोलीत दोघी, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. बडबडीबरोबर अबोल, आळशीबरोबर धडपडी. मी दिवसभर कोपऱ्यात बसलेला पाहून त्यांनी ठरवूनच टाकलं, की याला सोबत हवी. खरं तर स्वस्थ बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पहिला आला एक चळवळ्या गोल्डफिश. माझे कल्ले त्याला लाल अळ्या वाटले. दोन दिवसांत माझी डावी बाजू बोडकी झाली आणि तो दुकानात परत गेला. मग पाच चिमुकले मासे आले, अगदी सभ्य. बाई रोज संध्याकाळी हजेरी घ्यायच्या. पहिल्या दिवशी पाच भरले, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी मी एकटाच. खोटं कशाला बोलू, तोंडात मावेल ते मी गिळतो.

शेवटी बाईंनी तळाशी बसून राहणारा एक शांत मासा आणला. त्याच्या पंखांत काटे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी त्याला गिळायला गेलो आणि तो घशात अडकला. आत जाईना, बाहेर येईना. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

बाई मला डब्यात घालून धावतच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी चिमट्याने मासा अलगद सोडवला. सोबती ठेवायचाच तर याच्याच जातीचा, याच्याच मापाचा ठेवा, नाहीतर याला एकटाच राहू द्या, असं त्यांनी बजावलं. मग विचारलं, "याला सोबत हवी, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी डबा उचलला आणि मला घरी आणलं.

आता माझे कल्ले पुन्हा भरून आलेत. पाणी गार आहे, टाकी सगळी माझी आहे आणि माझं उत्तम चाललंय. तुम्हीही कुणा ॲक्सोलॉटलला सोबती शोधत असाल, तर आधी त्याच्या तोंडाचं माप घ्या आणि सोबत्याचे काटे बघा. जुळत नसेल तर जागा रिकामी राहू द्या. आमची काही तक्रार नसते.

परवा बाईंनी वसतिगृहातल्या दोन जुन्या मुलींना फोन करून घरी बोलावलं. त्यातली एक टाकीपाशी वाकून म्हणाली, "बाई, याला एकटं नाही वाटत?"

"त्याला नाही गं. मला वाटत होतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोघींना जेवायला ठेवून घेतलं.