मधली रेघ

"दाब. अजून दाब. टक् वाजेपर्यंत," इस्क्रा म्हणाली.

स्तामेननं कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत हात घालून ग्राफिक्स कार्ड खाचेत दाबलं. टक् वाजलं. कार्डावरच्या पंख्यांवर त्यानं फुंकर मारली. धूळ नव्हतीच, तरी मारली, आणि तो बाजूला झाला. इस्क्रानं बटण दाबलं. पंखे घुमले, स्क्रीन उजळली आणि तिनं सकाळी अर्धवट सोडलेला फोटो समोर आला. मागच्या गल्लीतले शिंपी, गेल्या आठवड्यात वारलेले, काळा कोट घालून खिडकीपुढे उभे होते.

खिडकीची चौकट मधोमध आत वाकली होती. मेणबत्तीला ऊब लागली की ती जशी कलते, तशी. शिंप्याचा जबडाही तिथंच जरा ओढल्यासारखा झाला होता.

"गेलं का?" स्तामेननं विचारलं.

"कुठलं जातंय! आहे तिथंच आहे."

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पेचकस खिशात टाकून तो बाल्कनीत भाजत ठेवलेल्या मिरच्या उलटायला गेला. तुला काय दिसतं, असं तिनं त्याला विचारलं नाही. आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

आमच्या प्लॉव्हदिव शहरात माणूस गेलं की त्याच्या फोटोचं पत्रक दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या बुंध्यावर चिकटवतात. पुढं दर वर्षदिनाला नवं पत्रक लागतं, त्यामुळे मेलेल्या माणसालाही आमच्याकडे पुन्हा पुन्हा फोटो काढून घ्यावा लागतो असं इस्क्रा गमतीनं म्हणायची. ती असले जुने फोटो दुरुस्त करायची. लग्नाच्या घोळक्यातून एकच चेहरा अलगद उचलायची, त्याच्या सुरकुत्या राखून डाग तेवढे पुसायची. गल्लीत म्हणत, जिवंतपणी कुणी आपल्याकडे एवढं निरखून पाहत नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

वाकडी रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं जुन्या कार्डाला दोष दिला. ते काढून हे नवं घेतलं. चार दिवस बरे गेले, निदान तिला तसं वाटलं, आणि मग रेघ पुन्हा वाकली. तिनं केबल बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. शेजारणीची स्क्रीन आणून जोडून पाहिली. एकदा स्तामेन म्हणाला की मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढू आणि दुकानात पाठवून देऊ, तर ती त्याच्यावर खेकसली.

"फोटोत नाही येत ते! सांगितलं ना!"

फोटोत का येत नाही, हे त्यानं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याभोवती जरा जपून वावरायला लागला, आणि त्याचं ते जपणं तिला सगळ्यात जास्त घाबरवत होतं.

कारण तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आईला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलेली दिसायची. तिनं सुतार बोलावला. त्यानं दोरी लावून दाखवलं, बाई, चौकट सरळ आहे. आईनं त्याला चोर म्हणून हाकललं आणि दुसरा बोलावला. शेवटी शेवटी तिला समोरच्या माणसाचा चेहराच दिसेना, फक्त कडा दिसायच्या. ती मान तिरकी करून इस्क्राच्या कानाकडे बघायची, म्हणजे मग चेहरा थोडासा दिसायचा. "आता दिसलीस बघ," म्हणायची. इस्क्रा हल्ली आंघोळ करताना मोरीतल्या फरश्यांकडे बघत नसे. फरश्यांच्या फटी सरळ असतात. डोळा चोळताना ती दोन्ही डोळे एकदम चोळायची, एकच डोळा कधी झाकायची नाही.

"मी हे कार्ड परत करणार," मिरच्यांची परात घेऊन आत आलेल्या स्तामेनला ती म्हणाली. "खराबच आहे."

"मी येतो," तो म्हणाला.

"तू कशाला?"

"खोकं जड आहे."

दुकान मोठ्या पोस्टाच्या मागं होतं. काउंटरवर कालोयान नावाचा उंच, दाढीवाला, स्वभावानं मोकळा माणूस होता. त्यानं कार्ड आपल्या मशीनला लावलं आणि त्याला चांगलंच पळवलं. स्क्रीनवर धूर, पाणी, आरसे असं काय काय भराभरा फिरलं. इस्क्रा काउंटरची कड धरून उभी होती. देवा, बंद पडू दे, असं ती मनात म्हणत होती. धूर निघू दे, जळू दे एकदाचं.

"काकू, घोड्यासारखं पळतंय," कालोयान म्हणाला. "तापतही नाही. आणि जुन्या कार्डातही हेच होत होतं म्हणता? दोन वेगळ्या कार्डांत एकच दोष? लॉटरीचं तिकीट घ्या तुम्ही."

"मग मी काय खोटं बोलते?" तिचा आवाज चढला. "सरळ रेघा दाखव. चौकटी चौकटीचं काहीतरी दाखव."

त्यानं पांढऱ्या स्क्रीनवर काळ्या चौकटी आणल्या, गणिताच्या वहीसारख्या. इस्क्रा स्क्रीनजवळ सरकली. रेघा वरून सरळ येत होत्या, मधोमध आत वळत होत्या आणि खाली जाऊन पुन्हा सरळ होत होत्या.

"ही बघ. ही मधली." तिनं बोट ठेवलं. "दिसते की नाही?"

कालोयान वाकला. जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं. "मला तर... थांबा. काका, तुम्ही या जरा इकडे. तुम्हाला दिसतंय का?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे हो म्हणताना मान आडवी हलते आणि नाही म्हणताना वरखाली. जग उलटं करतं, त्याला आमचा इलाज नाही. स्तामेननं उमेदीची वर्षं जर्मनीत ट्रक चालवला आणि तिथं त्याच्या मानेला जगाची सवय लागली. घरी परतल्यावर ती सुटली, पण पूर्ण नाही. माणूस घाबरला की त्याची मान जर्मन व्हायची. एकदा सरकारी कचेरीत बाईंनी विचारलं, गॅरेज तुमचंच ना? यानं धास्तीनं मान वरखाली केली, बाईंनी गॅरेज खोडून टाकलं आणि ते परत नावावर करण्यात सबंध उन्हाळा गेला. तेव्हापासून इस्क्रा त्याला सारखी बजावायची, तोंडानं बोल.

स्तामेन पुढं आला. त्यानं चौकटींकडे बराच वेळ पाहिलं. मग रेघेवर ठेवलेल्या तिच्या बोटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं हळूच मान आडवी हलवली.

"बरं," कालोयान सुस्कारा टाकून म्हणाला. "दोघांनाही दिसतंय म्हणजे असणार. दिवसभर स्क्रीन बघून माझेच डोळे कामातून गेलेत. चला, नवं देतो."

त्यानं आतून सीलबंद खोकं आणलं. इस्क्रानं ते घेतलं, आभार मानले आणि ती नवऱ्याकडे न बघता बाहेर पडली.

बाहेर चिंचोळ्या फुटपाथवर लोक भाजीच्या पिशव्या घेऊन चालले होते. ती दाराशीच थांबली. समोर दिव्याचा खांब होता, त्यावर कुणा म्हातारीचं पत्रक चिकटवलेलं होतं. पत्रक तिनंच केलेलं होतं. तिनं खोकं काखेत धरलं आणि उजव्या हातानं उजवा डोळा झाकला.

खांब मधोमध आत गेला. म्हातारीच्या चेहऱ्याच्या जागी करडा धब्बा होता, आणि धब्ब्याभोवती तिनं स्वतः नीट केलेला रुमाल होता. तिनं हात काढला, पुन्हा डोळ्यावर धरला. इतकी भीती तिला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती.

स्तामेन मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"इस्क्रा," तो म्हणाला, "मी त्याला नाही म्हणत होतो."

"माहीत आहे मला."

"तो उलटं समजला. मला सांगायचं होतं, पण तू खोकं घेतलंस ना... तुझा चेहरा असा झाला होता..."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू चहा कपाबाहेर ओतायला लागलीस तेव्हापासून."

तिला कुठल्याच दिवशी चहा सांडल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे हा मागाहून पुसत होता. तिनं त्याच्या बाहीला धरलं. मग ती वळली आणि दुकानाचं दार ढकलून पुन्हा आत गेली.

कालोयाननं मान वर केली. "काय हो काकू? रस्त्यातच बिघडलं?"

इस्क्रानं खोकं काउंटरवर ठेवलं. "हे घे. माझं मघाचंच मला परत दे. ते चांगलं आहे."

"अहो, पण काकांना दिसलं ना! त्यांनी मान हलवली की माझ्यासमोर."

"घाबरला की त्याची मान उलटी हलते," ती म्हणाली.

कालोयाननं दाराशी उभ्या स्तामेनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याची चेष्टा ओठांवरच थांबली. त्याच्या मशीनवर चौकटी अजून तशाच होत्या.

"म्हणजे," त्यानं हळू आवाजात विचारलं, "मधली रेघ सरळ आहे?"

इस्क्रानं मान आडवी हलवली, अगदी आमच्याकडे हलवतात तशी.