चार बोटं खाली

वारलूने सुरीचं टोक सुतळीखाली घातलं आणि झटका दिला. दबून बसलेली स्प्रिंग टणकन वर आली आणि तिच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षांची धूळ त्याच्या मिशांवर येऊन बसली. त्याने शिंक आवरली आणि पुढच्या गाठीत सुरी घातली.

"हे कोन्या खाटकाचं काम हाये?" तो म्हणाला. "अशी गाठ तर बैल बांधाले बी कोनी मारत नाई."

शिलाई मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने, मंगलीने, मान वर केली नाही.

"सुतळी फेकू नका. मले वालाच्या वेलाले लागते."

गाडीच्या मागच्या लांब सीटचा सांगाडा दुकानापुढे सावलीत पडला होता. जुनं कव्हर, काथ्या, उंदरांनी केलेली घरटी, सगळं काढून झालं होतं. स्प्रिंगा खालच्या चौकटीला आवळून बांधणाऱ्या अशा सतरा गाठी निघाल्या, आणि त्याही फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे एक नाही. त्यामुळे सीट डावीकडे चांगली चार बोटं खाली उतरली होती. वारलूच्या लेखी हा निव्वळ अडाणीपणा होता. त्याने सतराच्या सतरा सुतळ्या कापल्या, लाकडी पट्टी आडवी ठेवून पाहिली आणि सीट सरळ झाल्याचं बघून त्याचा जीव थंड झाला.

गाडी श्रीहरी मास्तरांची. अ‍ॅम्बेसेडर. मास्तर जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं ती अहेरीत घरामागच्या टिनाखाली उभी होती. आता त्यांच्या मुलाने, तहसिलीत कारकून असलेल्या राजदीपने, ती पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं. इंजिन चंद्रपूरला करून आणलं. आतल्या सजावटीचं अख्खं किट दिल्लीहून मागवलं. सीटचे फोम, कव्हरं, दारांचे पॅड, छताचं अस्तर, पायाखालचा गालिचा, सगळं गाडीच्या मूळ मापाने कापलेलं. मास्तर दरवर्षी पंधरा ऑक्टोबरला बायकोला याच गाडीतून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर नेत. यंदा राजदीपला आईला तसंच न्यायचं होतं.

किट बसवायला गाडी नागपूरला पाठव, असं त्याला सगळ्यांनीच सांगितलं होतं. वारलूने ते ऐकलं आणि तो सायकल काढून स्वतः अहेरीला गेला. बल्लारपूरला उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला हा माणूस आलापल्लीत ट्रॅक्टरच्या सीटा आणि ऑटोचे हूड शिवून म्हातारा होत चालला होता. त्याला एकदा तरी असं काम हवं होतं की लोकांनी थांबून पाहावं. दुकानाच्या पाटीवर 'आत्राम सीट वर्क्स' या अक्षरांखाली त्याने रंगवूनच घेतलं होतं, 'माप चुकणार नाही'. समोरच्या चहावाल्या प्रफुलने त्या पाटीवरून त्याची चेष्टा केली नाही असा दिवस जात नसे, आणि वारलूने ती मनाला लावून घेतली नाही असाही जात नसे.

सहा दिवस तो त्या गाडीत राहिला म्हटलं तरी चालेल. छताचं अस्तर त्याने भर दुपारी गाडी उन्हात लावून ताणलं, कारण ऊन खाल्लेलं रेक्झिन हाताचं ऐकतं. दारांचे पॅड बसवताना एक क्लिप तुटली नाही. शेवटी मागच्या सीटवर कव्हर चढलं तेव्हा मधली शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी सरळ गेली की मंगलीसुद्धा मशीन थांबवून आली. तिने शिवणीवरून बोट फिरवलं.

"झालं बा एकदाचं," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढंही फार होतं.

तेरा तारखेला दुपारी राजदीप आईला घेऊन आला. प्रफुल गल्ला सोडून आला, त्याच्यामागे चहा पिणारी चार-पाच माणसंही आली. राजदीपने दार उघडून आत पाहिलं. मग मोबाइल काढून फोटो घेऊ लागला.

"भाऊ, नागपूरवाल्याच्या बापालेबी जमलं नसतं," तो म्हणाला.

वारलूने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले. हात स्वच्छच होते.

कमलाबाई पुढे आल्या. सत्तरी उलटलेली, ठेंगणी, ताठ पाठीची बाई. त्यांनी छताकडे पाहिलं, दाराच्या पॅडवरून हात फिरवला आणि डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी, बसल्या. बसल्या आणि त्यांच्या उजव्या पायातली चप्पल गळून गालिच्यावर पडली. त्यांनी पाय ताणला. अंगठाही खाली टेकला नाही. दोन्ही पाय झोपाळ्यावरच्या पोरासारखे लोंबत होते.

"कसं वाटते, आई?"

"लय छान झालं." त्या हसल्या. "म्हातारपनी मानूस आखडते म्हनत, ते खरं हाये तर. चार वर्षांत येवढी आखडली मी?"

त्या बोलतच राहिल्या.

"लगन झालं तवा सासू म्हने, ठेंगनी पोरगी आनली. जन्मभर म्हनली. मास्तरनं ही गाडी घेतली, अन् एक दिवस मले इथी बसवलं. म्हने, पाह्य, टेकले का नाई पाय? कंपनी तं साऱ्याइच्याच मापाची गाडी बनवते. मंग तू ठेंगनी कशी?" त्यांनी चपलेकडे पाहिलं. "तवापासून मी कोनाचं आयकून घेतलं नाई."

वारलूने मंगलीकडे पाहिलं. मंगली परसाकडे बघत होती, जिथे वालाचा वेल होता.

"आई, पायाखाली पाट ठेवू आपन," राजदीप म्हणाला. "आरामात बसशीन."

"ठेव बापा," कमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांची ताठ पाठ जराशी वाकली. आधारासाठी दार धरून त्या उतरू लागल्या.

सीट सरळ होती. इतकी सरळ सीट त्याने आयुष्यात बसवली नव्हती. तोंड मिटून उभं राहिलं की काम संपत होतं.

"थांबा बाई," तो म्हणाला. "माप माझं चुकलं."

प्रफुलने आधी त्याच्याकडे आणि मग पाटीकडे पाहिलं. चहावाली मंडळी हसली.

"चुकलं कुठी, भाऊ?" राजदीप म्हणाला. "लेव्हलमंदी तं हाये."

"तेच चुकलं. या गाडीची शीट डाव्या अंगानं चार बोटं खाली असते. कंपनीतूनच तशी येते. माह्या ध्यानात राह्यलं नाई."

"मी तं असं कधी आयकलं नाई."

"तुमी तहसिलीत काम करता. शीटा मी शिवतो. उद्या सांजेले गाडी घेऊन जा."

पाठीमागून प्रफुलचा आवाज आला, "पाटी पुसाले पानी आनू का गा?" वारलूचे कान तापले, पण त्याने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वालाच्या वेलापाशी गेला आणि एकेक गाठ सोडू लागला. अकरा सुतळ्या वेलावर निघाल्या, चार टोपलीत सापडल्या. दोन मंगलीने चुलीला लावल्या होत्या. पंधराही सुतळ्या त्याने फळीवर लांबीप्रमाणे ओळीने मांडल्या आणि मग तो खाली बसला. प्रत्येक सुतळी शेजारच्या सुतळीपेक्षा थोडीशी आखूड होती. मधल्या बाजूची सर्वांत लांब, दाराजवळची सर्वांत आखूड. आणि गाठ जिथे बसायची तिथे प्रत्येकीवर निळ्या शाईचा ठिपका होता. धुळीने मळलेला, तरी दिसत होता.

पट्टी घेऊन, पेनने खुणा करून, मास्तरांनी ही सीट अशी उतरवली होती की बसणाऱ्याला उतार कळू नये. गाठी मात्र खरंच वाईट होत्या.

"खाटीक नोहोता तो," वारलू म्हणाला.

"मले सांगून काय फायदा," मंगली म्हणाली. "दोरा कोनता देऊ?"

त्याने त्याच मापाने नवीन दोऱ्या बांधल्या. हरवलेल्या दोन्हींची लांबी शेजारच्यांवरून काढली. दाराजवळची शेवटची स्प्रिंग उरली तेव्हा त्याने मास्तरांचीच सुतळी घेतली, कापलेली टोकं जोडली आणि ठिपक्यावर तशीच बैलगाठ मारली. उस्तादाने पाहिली असती तर कानाखाली दिली असती. फोम डावीकडे तासावा लागला. कव्हर सैल पडलं.

"चार बोटं कापड उरते," मंगली म्हणाली. "कापू?"

"दुमड. कापू नको."

दुमडीमुळे मधली शिवण शेवटच्या वीतभर जागेत खाली वळली. लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखी नव्हती ती.

संध्याकाळी कमलाबाई बसल्या. पाऊल गालिच्यावर पूर्ण टेकलं, टाचसुद्धा. त्यांनी दुसरं पाऊल टेकवलं, दोन्ही दाबून पाहिली, लुगड्याच्या निऱ्या सरळ केल्या आणि मान उचलून मुलाकडे पाहिलं.

"पाह्यलं? मानूस गिनूस काई आखडत नाई."

मग त्या वारलूकडे वळल्या. "भाऊ, दुसऱ्याची गाडी घेसान तवा माप नीट घ्या. उगाच मानसाले घोर लागते."

"हो बाई," वारलू म्हणाला.

पंधरा तारखेला सकाळी गाडी अहेरीहून आली आणि चौकात तिचा वेग कमी झाला. डाव्या खिडकीत कमलाबाई होत्या, पांढऱ्या लुगड्यात, पाठ दाराच्या चौकटीसारखी ताठ. चंद्रपूरपर्यंत त्या तशाच बसणार हे दिसत होतं. दुकानासमोरून जाताना त्यांनी वारलूला हात जोडले. त्यानेही जोडले. आपल्या कामाचा एवढा अभिमान त्याला कधीच वाटला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

प्रफुल हातात किटली घेऊन गाडीच्या मागच्या काचेतून आत निरखून पाहत होता.

"शीट वाकडी दिसून राह्यली गा," तो म्हणाला.

"वाकडीच हाये," वारलू म्हणाला. "मीच बसवली."