पुसलेली नावं

सरकारवर टीका करणाऱ्या मास्तरांनी काय काय वाचलं, याची यादी मागायला इन्स्पेक्टरसाहेब वाचनालयात आले. ग्रंथपालबाईंनी कॉम्प्युटरच त्यांच्याकडे वळवला.

“पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव पुसतो आम्ही. मास्तरांची सगळी परत आलीत.”

“म्हणजे कुणाचीच नोंद नाही?”

“नाही ना! गेल्या महिन्यात तुम्ही ‘रुसलेल्या बायकोची समजूत’ नेलंत, त्याचीही नाही.”

बरोबरचा हवालदार खोकला. साहेब लाल झाले. “मग तुम्हाला कसं माहीत?”

“ते माझ्या डोक्यात आहे. तिथली झडती घ्यायला कोर्टाचा हुकूम आणा.”

साहेबांनी वहीत ‘नोंद आढळली नाही’ असं लिहिलं, हवालदाराला जीपकडे पिटाळलं आणि हळूच विचारलं, “बाई, त्याचा दुसरा भाग आहे?”

“आहे की.”

“नाव मात्र आठवणीनं पुसा हं.”