अधिकार नसताना अडवलेला गुडघा

माझा धाकटा भाऊ कृत्रिम पाय बनवतो आणि त्याचं दुकान मी सांभाळते. बाकी सगळं आम्ही इथेच करतो, फक्त वाकणारा गुडघा परदेशातून येतो. एका बस कंडक्टरसाठी मागवलेला गुडघा बंदरात उतरला आणि त्याच आठवड्यात देशाच्या प्रमुखांनी 'आणीबाणी' म्हणत एका सहीत आयात कर तिप्पट केला. कसली आणीबाणी? आली लहर, केला कहर! एवढा कर ना आम्हाला झेपणारा, ना कंडक्टरला. खोकं कस्टम्सच्या गोदामात पडून राहिलं.

डेपोने कंडक्टरची जागा राखून ठेवली होती. पाय बसवून हजर झाला की काम त्याचं. चालत्या बसमध्ये कुबड्या सांभाळत तिकिटं कशी फाडणार? पण बिचाऱ्याने कधी तगादा लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. असा कर लावायचा अधिकार प्रमुखांना नव्हताच, तो संसदेचा. वरातीमागून घोडं, पण आलं तरी! आज सकाळीच मी कंडक्टरला टॅक्सीत घातलं आणि कस्टम्सचं ऑफिस गाठलं.

"कर भरल्याची पावती?" कारकुनाने विचारलं.

"भरलाच नाही. म्हणून तर खोकं तुमच्याकडे आहे."

"मग काय परत मागताय? ज्यांनी कर भरला, त्यांना पैसे मिळतील."

"पैसे नकोत हो. गुडघा द्या."

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मुदतीत सोडवला नाही म्हणून माल लिलावात गेला होता. इतर धातूच्या सामानाबरोबर, एका भंगारवाल्याला.

माझं डोकंच फिरलं. "अधिकार नसताना दुसऱ्याची वस्तू अडवायची आणि वर विकून टाकायची, याला आमच्या घरी चोरी म्हणतात!"

"आवाज खाली, ताई. आम्ही हुकमाचे ताबेदार."

"अहो, पण हुकूमच बेकायदा होता!"

"तेव्हा नव्हता," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर येऊन बाकाशी थांबलेल्या कंडक्टरला म्हटलं, "दादा, दुसरा गुडघा आजच मागवते. डेपोत मी स्वतः येऊन बोलते. अजून थोडे दिवस थांबा म्हणावं त्यांना."

त्याने कुबड्या बाकाला टेकवल्या.

"परवा त्यांनी दुसरा माणूस घेतला, ताई. सकाळी तुम्ही इतक्या आनंदात आलात, सांगवलं नाही."