प्रश्न उत्तरात घ्या

बायको गेली आणि मुख्याध्यापकांनी तिचा भाषेचा तास, त्यातल्या अर्धवट फिल्मसकट, माझ्या गळ्यात मारला. मी गणिताचा मास्तर. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण नाही म्हणायलाही माणसाला काहीतरी वाटावं लागतं, आणि मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. मी मान हलवली.

तिची सातवीची मुलं एक छोटी फिल्म करत होती, 'आमची संध्याकाळ'. ती कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारायची, मुलं उत्तरं द्यायची. तिचा नियम एकच, प्रश्न उत्तरात घ्या. नुसतं 'खेळतो' चालायचं नाही. 'संध्याकाळी घरी गेल्यावर मी गच्चीत खेळतो' असं म्हणायचं, म्हणजे नंतर तिचा आवाज कापला तरी अर्थ लागतो. एरवी पूर्ण वाक्य म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तीच कार्टी फिल्मपायी वाक्यं लिहून, खोडून, पुन्हा लिहून पाठ करून यायची.

कापाकापी माझ्यासमोर झाली. मुलं संगणकाशी आणि मी मागे खुर्चीत. प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला ती बोलायची, मुलं तेवढं उडवायची आणि पुढे जायची. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी नुसता बघत होतो.

एकाच ठिकाणी तिचा आवाज काढता येईना. वर्गात एक मुलगी होती, शब्द चिमटीने टाकायची म्हणून सगळे तिला चिमूट म्हणत. तिला विचारलं होतं, संध्याकाळी घरी गेल्यावर तू काय करतेस गं? ती म्हणाली होती, बसते. आता प्रश्नाशिवाय त्या 'बसते'चं काय लोणचं घालायचं? म्हणून प्रश्न राहू दिला.

हे मी सासूबाईंना सांगून बसलो. तिच्या आवाजातले निरोप फोनमध्ये होते, पण ते एकट्याने लावायची हिंमत त्यांच्यात नव्हती आणि माझ्यातही नव्हती. पालकांच्या कार्यक्रमात फिल्म दाखवणार होते. चारचौघांत बसून ऐकता येईल, असं त्या म्हणाल्या आणि त्या दिवसाकडे डोळे लावून बसल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चिमूट माझ्याकडे आली.

"सर, माझं परत घ्या. मला आता पूर्ण वाक्य येतं."

वेळ नाही, बॅटरी उतरलीय, पुढच्या वर्षी बघू. सगळ्या थापा जिभेवर तयार होत्या. तिच्या हातातला कागद घामाने मऊ पडला होता. या एका वाक्यासाठी माझ्या बायकोने वर्षभर घसा कोरडा केला होता, हे मला ठाऊक होतं. मी कॅमेरा लावला आणि प्रश्न विचारला.

कागद न उघडता ती म्हणाली, "संध्याकाळी घरी गेल्यावर मी दारात बसते आणि आई येईपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघते."

मुलांनी माझा आवाज कापला, जुनं काढलं आणि नवं घातलं. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

सभागृहात सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. चिमूट पडद्यावर येऊन गेली, टाळ्या पडल्या, पुढची मुलं आली. लेकीचा आवाज कधी येणार, त्यांनी हळूच विचारलं. येणार नाही, मी म्हणालो, त्या मुलीला वाक्य जमलं, म्हणून मी तो काढायला लावला. त्या पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घराकडे चालत निघालो. कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता हो, संध्याकाळी घरी गेल्यावर?"

"काही नाही."

त्या जागीच थांबल्या. उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल न उचलण्याची खोड मायलेकींची सारखीच होती.

"संध्याकाळी घरी गेल्यावर," मी सुरुवात केली आणि दुकानाच्या कुलपाकडे बघत राहिलो. त्या थांबून राहिल्या. "संध्याकाळी घरी गेल्यावर मी तिची वाट बघतो, आई."