चार बोटं उजवीकडे

अण्णा नापास झाले. परीक्षक साहेबांनी लाल पेनाने तसं लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद अण्णांच्या हातात दिला.

पण असं काही झालेलंच नाही. घरात तसं एकमताने ठरलं आहे. तो कागद कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, जाड पांघरुणांखाली ठेवलेला आहे, आणि त्या खणापर्यंत घरात कुणाचाच हात पोचत नाही, असंही ठरलं आहे. तेव्हा आपणही शहाण्यासारखं आदल्या रविवारपासून सुरू करू. त्या रविवारी अण्णा अजून पासही नव्हते आणि नापासही नव्हते, आणि त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

गाडी धाकट्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. धाकटा म्हणजे अण्णांचा मुलगा. वय एकतीस, नोकरी आवक-जावक कारकुनाची, आणि घरातली पदवी ‘संशोधक’. ही पदवी त्याने मिक्सर दुरुस्त केला त्या दिवशी अण्णांनी दिली. मिक्सर तेव्हापासून दुरुस्तच आहे, फक्त फिरत नाही. गाडीला हात लावायची त्याला अर्थातच बंदी होती.

स्टिअरिंगचं रबर म्हाताऱ्या कासवाच्या मानेसारखं चिरलेलं. उन्हात ते विरघळायचं आणि अण्णांचे तळवे काळे करायचं. एका जागी तर आतली लोखंडी कडी दिसत होती. तिथे आईने पट्टी बांधली होती. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. तिथली नर्स उरलेली पट्टी तिला देते. चार वर्षं आईला नेण्या-आणण्याचं काम अण्णाच करत होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. इस्त्रीचा शर्ट घालून. बाकीचे दिवस ते बनियनवर असत आणि कुणाला काही वाटत नसे.

अण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि पत्र आलं. परवाना हवा असेल तर स्वतःच्या गाडीवर पुन्हा परीक्षा द्या. गाडीही सुस्थितीत असावी.

“ते बँडेज बघून साहेब आधी स्टिअरिंगलाच अ‍ॅडमिट करतील,” ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि घरातले सगळे फोन तिच्याकडून येतात. “आणि अण्णा, नाहीच जमलं तर दवाखान्याची व्हॅन आहे. मी विचारून ठेवलंय.”

“व्हॅन पेशंटसाठी असते,” अण्णा म्हणाले.

“मग आई कोण आहे?”

“गाडीत बसली की ती पेशंट नसते.”

हे खरं होतं. घरात दोघांचं बोलणं म्हणजे “गोळी घेतली?” “घेतली.” संपलं. पण गाडीत बसली की आईला कंठ फुटायचा. फाटकातून निघाल्यापासून सुरू. “अहो, खड्डा!” “दिसतोय.” “दिसतोय तर चुकवा की!” “चुकवला असता, तू ओरडलीस म्हणून गेला.” “सिग्नल लाल झालाय हो.” “मी काय रंग ओळखत नाही?” जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. दवाखान्यातून माणसं गळून येतात. आई भांडून ताजीतवानी होऊन यायची. व्हॅन आली तर हा दीड तास गेला, हे अण्णांना कळत होतं. म्हणून बंदी उठली आणि संशोधकाला परवानगी मिळाली.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानातल्या काकांनी त्याला त्याच मॉडेलचं, फारसं न वापरलेलं स्टिअरिंग काढून दिलं. वर सल्लाही दिला.

“बॅटरीची वायर आधी सोडव. मधला हॉर्नचा भाग उचक. आत नट दिसेल. तो ढिला कर, पण पूर्ण काढू नको. दोन आटे राहू दे. नाहीतर जोर लावून ओढशील, ते एकदम सुटेल आणि तुझे दात पडतील.”

“बरं.”

“आणि काढायच्या आधी आतल्या दांड्यावर खूण कर, स्टिअरिंगची वरची बाजू कुठे होती त्याची. नवं त्याच खुणेवर बसव. जसं होतं तसं. डोकं लावू नकोस.”

“डोकं का लावू नको?”

काकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “हेच. हेच म्हणतोय मी.”

रविवारी दुपारी धाकटा गाडीत शिरला. वरच्या खिडकीतून आई अण्णांची तयारी घेत असल्याचं ऐकू येत होतं.

“त्रिकोण, आत वाकडी रेघ?”

“पुढे वळण.”

“गोल, आत हॉर्न, वर काट?”

“बायकोला गप्प बसायला सांगा.”

“अहो, नीट!”

बॅटरीची वायर सुटली. हॉर्नचा भाग स्क्रू-ड्रायव्हरने उचकताच टप्पकन निघाला, त्यामागची स्प्रिंग उडून सीटखाली गेली आणि तिने धाकट्याची वीस मिनिटं खाल्ली. नट हलेना. पान्याला पाइप लावून, पाय दाराला टेकवून त्याने जोर केला, तेव्हा नट असा किंचाळला की वर अण्णांचा ‘अरुंद पूल’ चुकला. मग त्याने ऑफिसातून आणलेल्या व्हाइटनरने दांड्यावर रेघ मारली. नट दोन आट्यांवर ठेवला, गुडघे स्टिअरिंगखाली घातले, आणि डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून हिसके देत बसला. चौतीस वर्षांचा संसार होता तो, लगेच कसा मोडेल? मोडला तेव्हा दोन्ही कोपर मागच्या सीटच्या दिशेने गेले. नट होता म्हणून दात राहिले. काकांची अर्धी सूचना इथे कामी आली.

उरलेल्या अर्ध्या सूचनेचं असं झालं. नवं स्टिअरिंग खुणेवर टेकवून तो मागे सरकला, तर ते तिरकं. चांगलं चार बोटं उजवीकडे कललेलं, एका बाजूची मिशी वर पिळल्यासारखं. त्याने उतरून पुढची चाकं पाहिली. चाकं अगदी नाकासमोर. गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडं. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी चुकीचं बसवलं होतं आणि आजवर कुणी दुरुस्त केलं नव्हतं! संशोधकाला अखेर शोध लागला. ही अण्णांना भेट होती. उद्या अण्णांच्या समोर सरळ, देखणं स्टिअरिंग असेल. दांड्यावर बारीक बारीक दाते असतात. त्याने स्टिअरिंग उचललं, दोन दाते फिरवलं आणि सरळ बसवलं. मग खूण नखाने खरवडून टाकली. लोक व्हाइटनर लावून चूक पुसतात. धाकट्याने व्हाइटनर पुसून चूक केली.

जुना परवाना शनिवारीच संपला होता, म्हणून सोमवारी परीक्षेच्या मैदानापर्यंत गाडी ताईने चालवली. “वा रे! हात काळे होत नाहीत, आणि किती सरळ वाटतंय,” ती म्हणाली. धाकटा शेजारी बसून विनयाने काचेबाहेर बघत होता. मागे अण्णा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. आई त्यांच्या बाजूला, गप्प.

नवं स्टिअरिंग अण्णांच्या हातात पहिल्यांदा आलं ते असं, थेट परीक्षेत. नातेवाइकांनी दोरीमागच्या बाकावर बसायचं होतं.

“मी मागच्या सीटवर बसले तर?” आईने साहेबांना विचारलं.

“बाई, परीक्षा त्यांची आहे.”

अण्णांनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत धरून सावकाश चार बोटं उजवीकडे आणलं. तिथे आणून थांबले. आपल्या खुर्चीत बसल्यावर माणूस जसा सुस्कारा टाकतो तसा त्यांनी टाकला. हे धाकट्याने बाकावरून पाहिलं आणि तो उठून दोरीपाशी गेला.

गाडी निघाली ती उजवीकडे. तिथे प्लॅस्टिकचे नारिंगी शंकू रांगेत होते. पहिला गेला.

“सरळ घ्या,” साहेबांचा आवाज उघड्या काचेतून आला.

“सरळच घेतोय.”

दुसरा गेला.

“आजोबा, सरळ!”

“मी सरळच आहे, साहेब. तुमचं मैदान तपासून घ्या.”

दोरीमागे कुणीतरी हसलं. “नाचता येईना, अंगण वाकडं!” धाकट्याला त्या माणसाला सांगावंसं वाटलं की यांचं अंगण इतकी वर्षं खरोखरच वाकडं होतं आणि त्यावर ते झकास नाचत होते, कालच एका गाढवाने ते सपाट केलं. पण असं काही दोरीपलीकडे ओरडून सांगता येत नाही. अण्णांनी गाडी डावीकडे ओढली, मार्गावर आणली, आणि हात पुन्हा आपोआप चार बोटं उजवीकडे गेले. तिसरा शंकू गाडीखाली अडकला आणि शेवटपर्यंत खरडत आला.

अण्णा उतरले. “आवाज कसला येत होता?” त्यांनी विचारलं.

धाकट्याने गाडीखाली पाहिलं. शंकू कमरेइतका उंच होता. नारिंगी होता. भर उन्हात, समोर होता.

ते झालं नाही, हे ठरलं परतीच्या वाटेवर, कुणीही काहीही न बोलता. घरी आल्यावर अण्णांनी शर्ट काढून हँगरला लावला आणि खुर्चीत बसून तळवे उलटसुलट करून पाहिले. तळवे स्वच्छ होते.

“हात गेले माझे,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. दूधवाला गेला म्हणावं तसं.

धाकटा स्वयंपाकघरात गेला. आई पालेभाजी निवडत होती.

“आई, ते मी केलं. स्टिअरिंग वाकडं होतं, मी सरळ बसवलं. त्यांचे हात कुठे गेले नाहीत. मीच—”

“वाकडं कसं झालं माहितीये? बावीस वर्षांपूर्वी गाडी फुटपाथवर चढवली यांनी. ताईच्या शाळेसमोर. तेव्हापासून ते तसंच.” आई काडी मोडत म्हणाली. “त्याला हात लावला की तो दिवस आठवतो म्हणून दुरुस्त केलं नाही.”

“मग मी सांगतो त्यांना. पुन्हा वाकडं करतो, पुन्हा परीक्षा देऊ.”

“शंकू दिसला का रे त्यांना?”

धाकट्याने निवडलेली एक काडी उचलून पुन्हा न निवडलेल्यांत टाकली.

“दोन वर्षं झाली. मी ‘अहो, ट्रक’ म्हटलं की ट्रक, मी ‘थांबा’ म्हटलं की थांबा. मला काय बडबडायची हौस होती? पाऊण तास डोळ्यात तेल घालून बसायचे मी. एकदा सुईच्या आधी, एकदा सुईच्या नंतर.”

“त्यांना माहितीये?”

“त्यांना वाटतं मी भांडते.” आईने थोडा विचार केला. “भांडतही होते म्हणा. मजा यायची.”

“मग आता?”

“आता तू तोंड शिवून बस. तू सांगितलंस तर ते उद्या वाकडं करून परत जातील.”

“आणि पास होतील?”

“साहेब मला शेजारी बसू देतील तर नक्की होतील. एखादा साहेब देईलही. तोच घोर आहे.”

तर धाकट्याची अवस्था इकडे आड आणि तिकडे विहीर अशीही नव्हती. तो आडात पडलेला होता आणि वरून विहीर दिसत होती. एक वाक्य बोललं की अण्णांना त्यांचे हात परत मिळणार होते. तेच वाक्य बोललं की ते हात आईला घेऊन रस्त्यावर जाणार होते. तो जेवताना ते वाक्य घासाबरोबर गिळायचा. ताईला फोनवर “हं” म्हणायचा. अण्णा त्याला ‘संशोधक’ म्हणेनासे झाले. सरळ नावाने हाक मारू लागले, आणि ते त्याला जास्त लागलं.

मंगळवारी व्हॅन आली. पांढरी, स्वच्छ, वेळेवर. आत आणखी तीन पेशंट. आई चौथी होऊन बसली. परत आली ती गळून, भिंतीला धरत. “गाडी छान आहे,” म्हणाली. “कुणी बोलत नाही.”

गुरुवारी धाकटा ऑफिसला जायला खाली उतरला, तर अण्णा गाडीत बसलेले. इस्त्रीच्या शर्टात. गाडी बंद, किल्ली वर खुंटीला. ते स्टिअरिंग धरून होते, चार बोटं उजवीकडे. व्हॅनला अजून पंधरा मिनिटं होती. जिन्यावरून आई उतरली, हातात पिशवी, आणि गाडीचं दार उघडून शेजारी बसली.

धाकटा खांबाआड थांबला.

आधी पिशवी पायाशी ठेवल्याची खसखस. मग आईचा आवाज.

“अहो, खड्डा.”

“दिसतोय.”

“कसला दिसतोय? गेला की सरळ त्यातून!”

“तू ओरडलीस म्हणून गेला.”

“पुढे बस उभी आहे. हॉर्न नका देऊ, माणसं उतरतायत.”

“मी कुठे दिला हॉर्न?”

“द्याल. मी ओळखते तुम्हाला.”

अण्णा हसले. गाडी जागच्या जागी उभी होती आणि त्यातली दोघं सिग्नलपर्यंत पोचली होती, पुलापर्यंत पोचली होती, एका सायकलवाल्यावरून त्यांचं चांगलंच वाजलं होतं. तेवढ्यात व्हॅनने फाटकाबाहेर हॉर्न दिला. आई उतरली. दवाखाना अजून अर्ध्या वाटेवर होता.

धाकटा ऑफिसात गेला. टेबलावर लोकांच्या अर्जांचा ढीग होता, त्यातला एकही त्याने उचलला नाही. एक कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला, आणि नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा अर्ज लिहायला बसला. दोनदा खोडला. तिसऱ्यांदा लिहिला, त्यावर जावक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि परीक्षेच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या टपालात ठेवून दिला. तो असा:

प्रति, मा. मुख्य परीक्षक.

विषय: वडील व आई यांच्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्जदार कळवितो की, सोमवारी झालेल्या परीक्षेत वडिलांचे हात निर्दोष होते. दोष अर्जदाराचा होता. तथापि डोळ्यांबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही. तरी आपल्या कार्यालयाने वडिलांना ते उत्तीर्ण झाल्याचे लेखी कळवावे, परंतु परवाना देऊ नये; तसेच आईस सदर गाडीतून, वडिलांच्या शेजारी बसून, गाडी जागेवरून न हलविता, दर मंगळवार, गुरुवार व शनिवारी दवाखान्यात पोहोचण्याची व परत येण्याची परवानगी तातडीने मिळावी, ही नम्र विनंती.