तीन की सहा

मास्तरांच्या लढाईत दाजी कधी मरत नाहीत, हे आधी माझ्या वहीच्या लक्षात आलं, मग माझ्या.

दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण मास्तरांच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. रंगांचे डाग पडलेलं त्यांचं लांब टेबल हेच आमचं रणांगण. गोष्ट मास्तर सांगायचे, त्यात आपापलं पात्र आम्ही चालवायचो, आणि शत्रूशी गाठ पडली की फासे निघायचे. आधी वीस बाजूंचा नेमाचा फासा, वार लागला की हुकला ते सांगणारा. लागला तर घावाचा फासा. जेवढा आकडा पडेल तेवढा दम कमी. दम संपला की पात्र मेलं, रडारड चालणार नाही.

कोणाची पाळी कधी, कोणाचा दम किती उरला, कोणत्या वाराला काय पडलं, हे सगळं मी मांडायचो. पेशानं मी स्टोअरकीपर, त्यामुळे रविवारीही हात स्वस्थ बसत नाही. सात वर्षांच्या वहीत एक खाडाखोड नाही. आमच्यातल्या लेथवाल्याला, टर्नरला, विचारा. तो प्रत्येक फाशावर भांडतो आणि प्रत्येक वेळी वहीपुढे हरतो. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, खेळात वैदू आहे. घरी नवरा शिंकला तर ‘वाफ घे’ म्हणून मोकळी होते. खेळात मात्र त्याला औषध पाजल्याशिवाय स्वतःची तलवार उपसत नाही. तो नवरा म्हणजे आमचे दाजी. कारखान्यांच्या धुराड्यांना दोरावर लटकून रंग देणं आणि भेगा बुजवणं हे त्यांचं काम. खेळातही त्यांनी वेगळं काही शोधलं नाही. त्यांच्या पात्राचं नाव शिडीवाला, आणि तोही भिंतीच चढतो.

एकदा मागची पानं चाळताना दिसलं की एकशे चौदा लढायांत शिडीवाला एकवीस वेळा एका दमावर येऊन थांबलाय. एकाखाली एकदाही नाही. फासे मास्तर पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे आणि आकडा तोंडी सांगायचे.

मी त्यांना एकटं गाठलं. “मास्तर, तुमचा फासा दाजींवर फारच माया करतो.”

मास्तर ब्रश धूत होते. “त्याला सोमवारी चढायचं असतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“शिडीवाला रविवारी पडला तर हा सोमवारी कामाला जाणार नाही. मला स्वतः म्हणालाय. पोट त्या धुराड्यांवर आहे, तेव्हा मी त्याला पाडत नाही. लिही तुझ्या वहीत.”

हसून विषय संपवायला हवा होता. पण खोटे आकडे मी सात वर्षं शाईनं उतरवत होतो, ते नाकाला झोंबलं. पुढच्याच रविवारी मी हट्ट धरून आडोसा काढायला लावला. फासा उघड्यावर पडणार, मी वाचणार आणि मीच उचलणार. उचलला की वाद संपला. टर्नर इतका खूश झाला की आठवड्याभरात त्यानं उरलेल्या पितळेतून घावाचा नवा फासा करून आणला. घडण झकास, पण त्यावर आकडे आपले मराठी ठोकलेले, आणि तीन उलटा धरला की सहासारखा दिसायचा.

“छत्तीसचा आकडा एकाच फाशात घातलास की रे,” दाजी म्हणाले.

“टिंब ठोकलंय ना आकड्याच्या खाली,” टर्नर फुगला. “टिंब खाली धरून वाचायचं. आंधळाही वाचेल.”

टिंब उथळ होतं. महिन्याभरात घासून दिसेनासं झालं. आंधळ्यालाच वाचता आलं असतं, बोट फिरवून.

त्याच महिन्यात दाजींना नवीन काम लागलं, आमच्याच कंपनीतलं. शहरातलं सगळ्यात उंच धुराडं, आणि चढायचं सोमवारी. त्यासाठी स्टोअरमधून जे दोन दोर काढले ते एकाच खेपेचे, मुदत संपून चार महिने झालेले. त्यातला एक हातातून सरकवताना मध्येच एका जागी मऊ लागायचा, आत काही नसल्यासारखा. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, नवे येईपर्यंत एवढं एक काम होऊ दे. दोर द्यायच्या कागदावर मी सही केली.

शनिवारी दाजींना म्हणालो, “दोर जुने आहेत. नका जाऊ.”

“मेहुणे, तुमच्या रजिस्टरला मीसुद्धा मुदत संपलेलाच वाटत असेन.” ते हसले. मग म्हणाले, “उद्या शिडीवाला काय करतो ते बघू.”

ताईला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, सही कोणाची?

रविवारची लढाई बुरुजाच्या जिन्यावर झाली. समोर मास्तरांचा लोखंडी पहारेकरी. चौथ्या फेरीला शिडीवाल्याचा दम उरला चार. ताई पुढे सरसावली.

“मी औषध देते त्याला.”

“तुझी पाळी पहारेकऱ्यानंतर,” मी वही बघून म्हणालो.

“एवढी एकदा आधी घे ना रे.”

“वहिनी, क्रम म्हणजे क्रम,” टर्नर म्हणाला. “परवा मला सोडलं होतं का?”

मास्तरांनी नेमाचा फासा टाकला. सतरा. वार लागला. मग पितळेचा फासा डब्याच्या झाकणात खणखणला, गोल फिरला आणि माझ्यापुढे येऊन थांबला. तीनपर्यंत पडला तर शिडीवाला वाचतो आणि उद्या दाजी चढतात. चार किंवा वर पडला तर मरतो आणि दाजी घरी बसतात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्या बाजूनं तीन होता. समोर बसलेल्या दाजींना तोच उलटा दिसत असणार.

“सहा,” मी म्हणालो आणि उचलला. उचलताना अंगठ्याला टिंब लागलं. तीनच्याच खाली होतं.

“टिंब बघितलंस?” टर्नर गरजला.

“बघितलं.”

“मलाही सहाच दिसला,” दाजी हळूच म्हणाले.

ताईच्या हातातली औषधाची सोंगटी तशीच राहिली. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं आडोशामागे जे केलं ते दुसऱ्याच्या हातून होताना त्यांना ओळखू आलं असावं. “हात हलका आहे तुझा,” एवढंच म्हणाले.

मी वहीत शाईनं सहा लिहिला. शिडीवाल्याच्या नावावर रेघ मारली. दाजींनी त्याचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. जिना उतरताना ते शीळ घालत होते. गेल्या सात वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

“उद्या नाही ना जात?” मी विचारलं.

“जातो की.”

“अहो, तुमचा नियम...”

“तो शिडीवाला जिवंत होता तोवरचा.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता, बेफिकीर माणसाचा असतो तसा. “सात वर्षं दर रविवारी पोटात गोळा. आज पडतो, आज पडतो. आज पडून झालं. आता कशाला भ्यायचं?”

खाली ताई उभी होती. “बघ तरी,” ती मला म्हणाली, “केवढा मोकळा वाटतोय.”

तिथंच बोलायला हवं होतं. पण काखेत वही होती आणि त्या वहीत खाडाखोड नव्हती.

सोमवारी एक तास आधी स्टोअरला गेलो, खिशात कापायची सुरी घेऊन. बाद दोराचे हातहातभर तुकडे करायचे असतात, म्हणजे कोणी चुकूनही वापरत नाही. त्याला साहेबांची सही लागते. त्या दिवशी मी ती विचारणार नव्हतो.

दोर टांगायचे दोन्ही आकडे रिकामे होते. गेटवरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, “तुमचे दाजी उजाडताच आले. म्हणाले, ऊन चढायच्या आत वर पोचतो. शीळ घालत होते.”

रजिस्टर उघडं होतं. दोर दोन. सही दाजींची. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं दोराची स्थिती लिहायची असते, तिथं त्यांनी थट्टेनं लिहिलं होतं: कालच पडून झालंय.

मी धावलो. धुराड्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ते तिसऱ्या कठड्याच्या वर होते. मोठा माणूस अंगठ्याएवढा दिसत होता. एका हातानं दोर धरून निवांत सरकत होते, पाय भिंतीवर नीट टेकायचीही तसदी न घेता. दोराचा मऊ भाग नक्की किती उंचीवर येतो ते मला रजिस्टर न बघता पाठ होतं. तिथवर त्यांना अजून दोन हात जायचं होतं.

“दाजी!” मी ओरडलो. “तीन होता!”

शीळ थांबली.

“फासा तीन होता! मी खोटं वाचलं! शिडीवाला मेला नाही! पडायचं बाकी आहे अजून!”

वाऱ्यात अर्धं गेलं असणार. वरचा अंगठ्याएवढा माणूस थबकला. मग नीट ऐकू यावं म्हणून त्यानं दोरावरचा हात सोडून कानाशी नेला आणि सगळा भार दोरावर टाकून तो खाली वाकला.